पाणी, घर आणि खिंड : लडाखच्या स्वयंपूर्णतेची परीक्षा

सरकारी दप्तरातील काही शब्द मोठे निरुपद्रवी दिसतात. 'स्वयंपूर्ण' हा त्यांपैकीच एक होय. आडबाजूच्या एखाद्या मुलुखाची पाहणी करून परतलेला अधिकारी आपल्या अहवालात लिहितो की, येथील लोक आपल्या गरजा बहुतांशी आपणच भागवितात. आणि त्या एका वाक्यावर पुढील कित्येक वर्षांचे धोरण उभे राहते. कोणी त्यातून असा अर्थ काढतो की, या लोकांना बाहेरून काही देण्याचे कारण नाही. दुसरा अधिकारी तोच मुलूख पाहतो, त्याला तेथे दवाखाना दिसत नाही, शाळा दिसत नाही, आणि तो 'मागासलेला' असा शेरा मारून मोकळा होतो. मग तेथे पूर्वीपासून जे काही चालत आले होते ते सारेच टाकाऊ ठरते. शिक्के दोन असले तरी दोष एकच. दोघांनीही मुलुखाचा जमाखर्च पाहिलेला नसतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आयुष्याचा मोठा भाग असे परके मुलूख पाहण्यात, मोजण्यात आणि त्यांवर अभिप्राय लिहिण्यात गेला आहे. म्हणून एखादा दुर्गम प्रदेश स्वयंपूर्ण आहे की नाही हे ठरवावयाचे कसे, या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावा, असे आम्हास वाटते. ते उदाहरण लडाखचे.

स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १८३० साली सर चार्ल्स मेटकाफ याने आपल्या टिपणात हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली, आणि राजवटी आल्या-गेल्या तरी गाव तसेच राहिले, हे त्याचे प्रतिपादन पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हा मात्र चित्राची दुसरी बाजू मराठी वाचकांपुढे आली. बलुतेदार-अलुतेदारांची घडी कशी बसली होती हे तर आत्र्यांनी सांगितलेच. परंतु त्या घडीचा भार कुणब्याच्या पाठीवर कसा पडत होता याचाही हिशेब त्यांनी मांडला. मेटकाफने गाव बाहेरून पाहिले, आत्र्यांनी ते आतून पाहिले. लडाखकडे पाहताना आत्र्यांचीच रीत अधिक उपयोगी पडेल असे आम्ही मानतो.

प्रथम भूमी कशी आहे ते पाहू. लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी तेथे पडणारा पाऊस व बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडील दुष्काळी तालुक्यातील शेतकरीदेखील एवढ्या पावसाला पाऊस म्हणणार नाही! पश्चिमेकडून काश्मीरचा मार्ग झोजिला खिंडीतून येतो, आणि ती खिंड पूर्वी हिवाळ्याचे सहा-सहा महिने बर्फाखाली असे. डोंगर उघडेबोडके, झाड दिसेल ते माणसाने लावलेले आणि पाजलेले. अशा ठिकाणी शेकडो वर्षे माणसे राहिली, त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली, नऊ-नऊ मजल्यांचा राजवाडा उभारला, गोंपांतून चित्रे रंगविली. तेव्हा हे जमले कसे, हा प्रश्न येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला पडला, आणि प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे त्याचे उत्तर शोधले.

विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० साली लेहला पोहोचला. तो पशुवैद्य होता, कंपनी सरकारच्या घोड्यांच्या पैदाशीचे काम त्याच्याकडे होते, आणि चांगल्या घोड्यांच्या शोधात तो बुखाऱ्याकडे निघाला होता. लेहमध्ये तो सुमारे दोन वर्षे अडकून पडला. या काळात त्याने चाऱ्याच्या वनस्पती पाहिल्या, शालीच्या लोकरीचा व्यापार पाहिला, आणि लडाखच्या दरबाराशी परस्पर एक व्यापारी करारही करून टाकला; कंपनीने तो नाकारला. मूरक्रॉफ्टच्या डोळ्यांना लडाख हे मध्य आशियाच्या बाजारपेठांचे दार दिसले. त्याच्यानंतर १८४६ आणि १८४७ मध्ये सरहद्दीच्या कामासाठी अलेक्झांडर कनिंगहॅम आला. हाच गृहस्थ पुढे पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख झाला. लडाखवरील त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोंगर, नद्या, लोकसंख्या, पिके, इतिहास या सर्वांची पद्धतशीर मांडणी आहे. पुढे फ्रेडरिक ड्रू हा भूगर्भशास्त्रज्ञ काश्मीरच्या महाराजांच्या चाकरीत आला, काही काळ त्याने लडाखचा कारभारही पाहिला, आणि १८७५ साली आपला ग्रंथ छापला. या तिघांच्या लेखनातून आणि नंतरच्या अभ्यासकांच्या कामातून जे हाती लागते, त्याच्या आधारे लडाखच्या स्वयंपूर्णतेचे तीन आधार सांगता येतात. पहिला आधार पाणी, दुसरा घर, आणि तिसरा खिंड.

पाण्यापासून आरंभ करू. लडाखची शेती पावसावर नाही. ती वितळणाऱ्या बर्फावर आणि हिमनद्यांवर आहे. वरकरणी पाहणारा असे म्हणेल की, डोंगरमाथ्यावर एवढे बर्फ असताना पाण्याची उणीव कसली? परंतु खरी अडचण प्रमाणाची नसून वेळेची आहे. जव पेरावयाचे ते एप्रिल-मे महिन्यांत, कारण सप्टेंबरच्या आत पीक घरी आले पाहिजे. उंचावरील हिमनद्या मात्र जूनशिवाय नीटशा वितळत नाहीत. म्हणजे ज्या दिवसांत पहिले पाणी हवे, त्याच दिवसांत ओढा सर्वांत बारीक असतो. किती एकर जमीन आहे, या प्रश्नाला तेथे फारसा अर्थ नव्हता. ओढ्याच्या मे महिन्यातील धारेत किती शेते भिजतील, एवढाच प्रश्न होता. आणि प्रत्येक गावाला त्याचे उत्तर ठाऊक होते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हे आपण बोलण्यात म्हणतो. लडाखी माणसाने त्यावर आपली वस्ती बेतली होती.

या धारेची वाटणी गाव स्वतः करी. त्यासाठी 'छुरपोन' नावाचा पाणी-कारभारी नेमला जाई. कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणाच्या पाटाला पाणी सोडावयाचे हे तो पाही. खानदेशात पांझरेच्या काठच्या फडपद्धतीतील पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा छुरपोन ओळखीचा वाटेल. वरच्या शेतांचा हक्क आधी की खालच्या, गोंपाच्या शेतांना कोणता दिवस, दोन गावांच्या सामाईक ओढ्यात कोणाचा वाटा किती, याचे रिवाज पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले होते. १९०८ च्या जमाबंदीच्या वेळी ते रिवाज दप्तरात उतरवून घेण्यात आले, आणि 'रिवाज-ए-आबपाशी' या नावाने ते ओळखले जातात.

पाण्याबरोबरच जमिनीचाही कस टिकवावा लागे. लडाखी घराच्या वरच्या मजल्यावर कोरडा शौचकूप असतो. त्यात माती टाकीत राहावयाचे आणि वर्षाअखेर तयार झालेले सोनखत शेतात न्यावयाचे, ही तेथील रीत. शेण मात्र शेतात जात नसे. लाकूड नसल्यामुळे त्याच्या गोवऱ्या चुलीत जात. बांधावर लसूणघास, पाटाच्या कडेला विलो आणि पॉपलर. विलोच्या फांद्यांचा चारा आणि टोपल्या, पॉपलरचे वासे घराच्या छपराला. शेते नांगरावयास याक आणि गाय यांच्या संकरातून झालेला 'झो' असे. भाजलेल्या जवाचे पीठ हे रोजचे अन्न. आपल्याकडील सातूच्या पिठाचाच हा हिमालयातील भाऊ. खालच्या शाम भागात आणि नुब्रेत जर्दाळू पिके, ते वाळवून ठेवीत. वाया जाईल असे काही दिसत नसे. प्रवाशांना जे कौतुक वाटले ते बहुधा याचेच.

दुसरा आधार घर हा. पाणी वाढत नाही, म्हणून शेत वाढत नाही. शेत वाढत नाही, म्हणून घर वाढू द्यावयाचे नाही, असा तेथील सरळ हिशेब होता. बौद्ध लडाखी कुटुंबात जमिनीचे तुकडे होत नसत. थोरला मुलगा लग्न करून कर्ता झाला की, मोठे घर, म्हणजे 'खांगचेन', त्याच्या हाती येई. आईबाप थोडेसे शेत ठेवून शेजारच्या लहान घरात, 'खांगू'त, राहावयास जात. धाकटे भाऊ थोरल्याच्या पत्नीचेच सहपती होत, किंवा एखादा गोंपात लामा होऊन जाई. पुष्कळ मुली अविवाहित राहत. काही भिक्षुणी होत. कनिंगहॅमने या बंधुपतित्वाच्या चालीची दखल घेतली, आणि अन्न अपुरे असलेल्या देशात लोकसंख्येला आळा घालणारा तो एक व्यवहारी उपाय असल्याचा अभिप्राय दिला. ड्रूने आणखी एक गोष्ट पाहिली. शेजारच्या बाल्टी मुसलमानांत ही चाल नव्हती. तेथे कुटुंबे वाढत, शेतांच्या वाटण्या होत, आणि माणसे मजुरीसाठी दूरदूर जात. भूमी सारखीच, पाणी तितकेच. एका समाजाने तोंडे मोजून घरात ठेवली, दुसऱ्याने ती बाहेर धाडली. अंथरूण पाहून पाय पसरण्याच्या या दोन निरनिराळ्या रीती होत.

येथे आत्र्यांचा प्रश्न विचारावा लागतो : या घडीचा भार कोणाच्या पाठीवर पडत होता? ज्या धाकट्या भावाला स्वतःचे घर कधी मिळाले नाही, ज्या मुलीचे लग्न झाले नाही, त्यांच्या वाट्याला स्वयंपूर्णतेची किंमत आली. लोहारकाम करणारे 'गर', वाजंत्री 'मोन' आणि 'बेदा' यांच्यावाचून एकाही गावाचे काम चालत नसे. पण पंक्तीत त्यांचे स्थान सर्वांत खाली असे. पीक बुडाले की शेतकरी गोंपाकडे जाई, तेथून धान्य उसने मिळे, आणि ते व्याजासह परत करावे लागे. थंडीत जन्मलेली पुष्कळ अर्भके पहिले वर्ष पाहत नसत. गावातील काही घरांचे 'फासपुन' नावाचे गट असत. त्यांची कुलदेवता एक, आणि जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी ती घरे एकमेकांच्या उपयोगी पडत. शेळ्या-मेंढ्या चारावयास नेण्याची पाळी घराघरांत फिरे. हे परस्परसाह्य खरे होते, आणि वर सांगितलेले कष्टही खरेच होते. एक बाजू दाखवून दुसरी झाकणारा अहवाल आम्ही अपुराच म्हणू.

यावर आणखी एक भार होता तो सरकारचा. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या स्वारीनंतर लडाख जम्मूच्या डोगरा राज्यकर्त्यांच्या ताब्यात गेला. १८७० च्या तहानंतर यारकंदच्या व्यापारावर देखरेख करण्यासाठी लेहमध्ये इंग्रजांचा एक आणि महाराजांचा एक असे दोन संयुक्त आयुक्त नेमण्यात आले. व्यापारी तांडे आणि साहेबलोक जात-येत, त्यांना घोडी आणि हमाल पुरविण्याची वेठ वाटेवरील गावांवर असे. शेतात हात हवे असत तेच उन्हाळ्याचे दिवस खिंडी उघड्या असण्याचेही असत. स्वयंपूर्ण म्हणून गौरविलेल्या शेतकऱ्याचे घोडे ऐन हंगामात परक्याचे ओझे वाहत असे, ही गोष्ट प्रवासवर्णनांच्या पानांत सहसा ओझरतीच येते.

आता तिसरा आधार, खिंड. स्वयंपूर्ण या शब्दाने सर्वांत मोठी फसगत होते ती येथे. लडाखच्या शेतकऱ्याकडे जव होते, जर्दाळू होते. पण मीठ त्याच्या शेतात नव्हते, आणि लोकर पुरेशी नव्हती. पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावर चांगपा धनगर राहत. तेथे इतकी थंडी की धान्य पिकविणे जवळजवळ अशक्य. पण शेळ्या-मेंढ्यांचे कळप मोठे, आणि त्सो कर या खाऱ्या सरोवराच्या काठी मीठ. चांगपा मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या लादून मीठ आणि लोकर आणीत, आणि त्यांच्या बदल्यात जव घेऊन जात. झंस्कारचे लोणी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत लेहला येई. चहा ल्हासाहून येई, आणि लोणी-मीठ घातलेल्या त्या चहावाचून लडाखी घरात दिवस उजाडत नसे. शालीची पश्म पश्चिम तिबेटातून लेहला, आणि लेहहून काश्मीरला जाई. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने या व्यापाराचे मार्ग आणि मक्ते बांधून दिले; लडाखचे शिष्टमंडळ दर तीन वर्षांनी ल्हासाला आणि ल्हासाचा चहाचा तांडा लेहला, असा क्रम पुढे दीर्घकाळ चालू राहिला. उत्तरेकडे काराकोरम ओलांडून यारकंदचा रस्ता होता.

तेव्हा एक गाव घेतले तर ते स्वयंपूर्ण नव्हते, एक खोरे घेतले तरीही नव्हते. चांगथांगचे मीठ, शामचे जर्दाळू, झंस्कारचे लोणी आणि ल्हासाचा चहा एकत्र आले म्हणजे एका घराचे वर्ष पुरे होई. या देवघेवीत रोकड थोडी आणि ओळख फार. बापाने ज्या चांगपाशी सौदा केला, त्याच्याच मुलाशी पुढे मुलगा सौदा करी. खिंडीपलीकडचा माणूस हा लडाखच्या स्वयंपूर्णतेचाच भाग होता. मोजणीच्या नकाशात त्याला जागा नसते, कारण नकाशा जिल्ह्याच्या हद्दीपाशी संपतो.

हे तीन आधार एका पिढीच्या आत हलले. प्रथम घराचा कायदा बदलला. १९४१ साली काश्मीर दरबाराने बहुपतित्वावर बंदी घातली, आणि त्याच दशकात वारसाहक्काचे नियमही बदलण्यात आले. धाकट्या भावांना वाटणी मागण्याचा हक्क मिळाला. हे न्याय्यच झाले. मात्र ज्या भावाला वाटा मिळाला त्याच्या शेताला मे महिन्याचे पाणी कोठून येणार, याची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती. नंतर खिंडी मिटल्या. १९४९ मध्ये सिंक्यांगमध्ये चिनी कम्युनिस्टांची सत्ता आली आणि यारकंदचा व्यापार थांबला. १९५० नंतर तिबेटचा व्यापार आटत गेला, १९६२ च्या युद्धाने तो संपला. चांगपांची काही कुरणे पलीकडे राहिली, आणि पलीकडून आलेल्या निर्वासितांचे कळप अलीकडच्या कुरणांवर आले. जो प्रदेश चार दिशांच्या तांड्यांचा चव्हाटा होता, तो पाहता पाहता रस्त्याचे शेवटचे टोक झाला.

त्याच सुमारास एक नवी खिंड उघडली. मे १९४८ मध्ये लेहच्या पात्रात पहिले विमान उतरले. वैमानिक मेहरसिंग, आणि बरोबर जनरल थिमय्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी श्रीनगरहून मोटाररस्ता लेहपर्यंत पोहोचला. सैन्य आले, सैन्याबरोबर रोख मजुरी आली. पाठोपाठ सरकारी भावाने गहू, तांदूळ आणि साखर आली. आमच्या वाचकांत त्या काळी तेथे नेमणुकीवर असलेल्यांचे आप्त असतील. त्यांना हा बदल किती झपाट्याने झाला ते सांगावयास नको. १९७४ साली लडाख परदेशी प्रवाशांना खुला झाला. १९६१ च्या खानेसुमारीत लडाखची वस्ती ८८ हजारांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती २,७४,२८९ झाली. पन्नास वर्षांत माणसे तिपटीने वाढली. ओढ्याची मे महिन्यातील धार मात्र वाढलेली नाही.

या बदलाविषयी पुन्हा दोन शिक्के तयार झाले. विकासखात्यांच्या भाषेत लडाख मागासलेला, सीमावर्ती, अनुदानपात्र प्रदेश ठरला. उलट १९७५ मध्ये तेथे आलेल्या हेलेना नॉर्बर्ग-हॉज या स्वीडिश भाषाभ्यासक बाईंनी आपल्या १९९१ च्या पुस्तकात असे मांडले की, जुना लडाख समाधानी आणि समतोल होता, आणि बाहेरच्या पैशाने व प्रतिष्ठेच्या नव्या कल्पनांनी तो बिघडविला. बाईंचे निरीक्षण बारीक आहे, आणि स्वस्त धान्य आले की घरचे जव पिकविणे कसे परवडेनासे होते, हा त्यांचा मुद्दा आम्हासही बिनतोड वाटतो. परंतु ज्या आईची चार मुले दगावली तिला रस्ता आणि दवाखाना हे बिघाड वाटले असतील, असे आम्हास म्हणवत नाही. घर न मिळालेल्या धाकट्या भावाला सैन्यातील नोकरी म्हणजे सुटकाच वाटली असेल. जुन्या लडाखला आदर्श मानणे आणि त्याला मागासलेला म्हणणे, या दोन्हींत तेथील माणसाच्या जमाखर्चाची अर्धीच पाने उघडली जातात.

राहिले पाणी. तो प्रश्न अद्यापि पहिल्याइतकाच कठीण आहे, किंबहुना अधिक कठीण झाला आहे. हिमनद्या मागे हटत आहेत. लेहमध्ये प्रवाशांच्या निवासांसाठी जमिनीतून पाणी उपसले जाते. आणि ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी होऊन शेकडो माणसे मेली, तेव्हा कोरड्या मुलुखाला पुराचेही भय असते हे दिसून आले. अशा वेळी सर्वांत शहाणपणाचा उपाय सुचला तो तेथल्याच एका निवृत्त अभियंत्याला. छेवांग नोर्फेल हे सरकारी नोकरीत स्थापत्य अभियंता होते. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी वाया जाते, आणि मे महिन्यात ते नसते, एवढ्याच निरीक्षणावर त्यांनी आपली योजना उभी केली. १९८७ पासून त्यांनी गावांच्या वरच्या अंगाला, सावलीच्या उतारावर, दगडी बांध घालून हिवाळ्यातील पाणी थरांथरांनी गोठविण्यास आरंभ केला. खऱ्या हिमनदीपेक्षा ही जागा गावाजवळ आणि कमी उंचीवर असल्यामुळे तेथील बर्फ एप्रिल-मे महिन्यांतच वितळते, आणि पेरणीला पाणी मिळते. २०१५ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१३ नंतर सोनम वांगचुक यांनी नळातून येणारे पाणी हवेत उडवून त्याचे उभे बर्फाचे स्तूप करण्याचा प्रयोग केला, त्यामागील हिशेबही हाच आहे. या योजनांना दरवर्षी डागडुजी लागते, कडक थंडी लागते, आणि पाटावर राबणारे हात लागतात. तरुण माणसे लेहला मोटारी चालविण्यास गेली की, बांध दुरुस्त करावयास कोण उरते, हा प्रश्न उभा राहतो. पुन्हा आपण पाण्यावरून घरापाशी येऊन पोहोचतो.

तेव्हा लडाख स्वयंपूर्ण होता काय? आमचे उत्तर असे की, तो मर्यादा ओळखून राहणारा प्रदेश होता, आणि त्या मर्यादेच्या बाहेरच्या गरजा शेजाऱ्याशी असलेल्या जुन्या देवघेवीने भागत होत्या. मर्यादा पाळण्याचे कष्ट सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. ही तिन्ही विधाने एकत्र लिहिल्याशिवाय त्या मुलुखाची परीक्षा पुरी होत नाही. पहिलेच लिहिले तर भाबडे कौतुक होते. तिसरेच लिहिले तर आपण सुधारकाच्या आवेशात चांगलेही मोडून टाकतो. आणि दुसरे विसरले तर सरहद्दीवर कुंपण घालताना आपण कोणाच्या चुलीतले मीठ काढून घेत आहोत, हे कळत नाही.

हे केवळ लडाखापुरते नाही. आमचे वाचक आज अरुणाचलाच्या खोऱ्यात असतील, बस्तरच्या रानात असतील, कच्छच्या रणाच्या कडेला असतील. तेथील कोणत्याही तालुक्याविषयी अभिप्राय लिहिण्याची वेळ आली, तर चार गोष्टी आधी विचाराव्यात, अशी आमची सूचना आहे. वर्षातील सर्वांत अडचणीच्या महिन्यात येथे काय कमी पडते? त्या कमीपणाची झळ घरातील कोणत्या माणसाला प्रथम लागते? पीक बुडाले तर धान्य कोणाकडून, आणि कोणत्या अटीवर मिळते? आणि येथे न पिकणाऱ्या वस्तू कोणत्या वाटेने, कोणाच्या ओळखीने येतात? या चार प्रश्नांची उत्तरे आकडेवारीच्या तक्त्यांत क्वचितच सापडतात. ती गावातील म्हाताऱ्यांना, पाणी सोडणाऱ्याला, आणि बहुधा स्त्रियांना ठाऊक असतात.

लडाखची पाहणी करणाऱ्यांत मूरक्रॉफ्टने बाजारपेठ पाहिली, कनिंगहॅमने देशाचे वर्णन केले, आणि त्यांचे ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात. परंतु गावाच्या प्रत्यक्ष उपयोगी पडली ती १९०८ ची जमाबंदी. तिने महसूल ठरविला, म्हणून ती काही लोकप्रिय होण्याजोगी गोष्ट नव्हती. तरीसुद्धा ज्या कारकुनांनी गावोगाव बसून, कोणत्या पाटाला कोणत्या दिवशी पाणी, हे विचारून लिहून घेतले, त्यांनी तेथील लोकांना स्वयंपूर्ण किंवा मागासलेले यांपैकी काहीच म्हटले नाही. लोक जसे वागत होते तसे उतरवून ठेवले. शंभर वर्षांनंतरही दोन गावांत पाण्याचा तंटा झाला की त्या नोंदींचा आधार घेतला गेला आहे. आपण लिहिलेला अहवाल शंभर वर्षांनी गावकऱ्यांनी उघडून पाहावा, असे भाग्य आपल्यापैकी थोड्याच अधिकाऱ्यांना लाभेल.